काचेचं कॅबिनेट

४ फेब्रुवारी २०२२, शुक्रवार

आज जेनचा ओव्हन आणला. तिच्या लीव्हिंग सेलचा मेसेज उद्या सगळ्यांना जाणार होता. मी आजच मापाची टेप घेऊन तिच्या दारात हजर. कतारला, दोह्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढी अक्कल तरी यायलाच हवी. माणूस कायमचा निघाला की त्याचं घर मातीमोल होतं. विमानात सोफा नेता येत नाही आणि व्हिसा कॅन्सल झाला की घासाघीस करायला सवड नसते. जो पहिला पोचतो त्याला ओव्हन मिळतो, जो शेवटी जातो त्याला कपडे वाळत घालायचा स्टँड.

तिचा नवरा ट्रेवर एका हॉस्पिटलच्या ऑफिसात होता. त्याचं काम संपलं, आता दोघं वसईला चालले. जेन ओव्हन पुसता पुसता रडायला लागली. मी म्हटलं, "रडतेस काय, तिकडे ताजी मासळी तरी खाशील." गाडीत श्याम म्हणाला, "असं बोलायची काय गरज होती?" गरज होती. नाहीतर ती किमतीला चिकटून बसली असती.

"पण आपल्याकडे ओव्हन आहे की," हेही म्हणाला. आहे. पण हा मोठा आहे.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

अल दुहैलला चारुलताकडे जेवण. ही मंडळी कोल्हापूरकडची. तिचा नवरा शहाजी श्यामच्याच कंपनीत एचआरला आहे, म्हणून त्यांना कंपाउंडमधला व्हिला. माझा नवरा प्लॅनिंग इंजिनिअर, लुसैलच्या टॉवरांची वेळापत्रकं करण्यात त्याचे केस गेले, आणि आम्ही मुंतझाच्या फ्लॅटमध्ये. असो.

त्यांच्या कैवल्यच्या खोलीतला कॉम्प्युटर पाहिला. एका बाजूने काच, आत रंगीत दिवे. आमची अंतरा तिथे बसली ती उठेचना. ही थ्रीडी चित्रं करते. आमच्या कॉम्प्युटरवर तिचं एक चित्र उमटेपर्यंत माझा चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतो. तिथे मात्र टिचकीसरशी. आमचा डबा श्यामने दहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी जोडलाय. दर शुक्रवारी ब्रशने त्याची धूळ काढतो. माझ्याकडे इतक्या मायेने त्याने कधी पाहिल्याचं आठवत नाही.

जेवताना मी म्हटलं, "आमच्याकडे कॉम्प्युटर नाही हो, म्युझियम आहे. तिकीट लावायचं बाकी आहे." सगळे हसले. श्यामही हसला, जरा उशिराने. शहाजीभावजी म्हणाले, "जुन्यात दम असतो वहिनी," आणि श्यामच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात नको इतका वेळ तिथे होता. एचआरची माणसं अशीच चिकट.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

श्यामने ठरवून टाकलं. नवा नाही, आहे त्यालाच डागडुजी. मीही दुकानात गेले, म्हटलं बघू तरी. दुकानदार मल्याळी, सज्जन. म्हणाला, "साहब, एसएसडी डालो, रॅम डालो, दो-तीन साल खींच लेगा. लेकिन नया प्रोसेसर इस बोर्ड पे नहीं बैठेगा. बोर्ड बदला तो सब बदला."

श्याम म्हणाला, "दो-तीन साल किसको चाहिए? तीन-चार महीने चले तो बस."

तीन-चार महिने! नोव्हेंबरात वर्ल्ड कप. अख्खं जग इथे लोटणार, गावभर नवे रस्ते, नवी मेट्रो, आणि माझ्या नवऱ्याची उडी तीन-चार महिन्यांची. ज्या माणसाला पुढचं दिसत नाही त्याला प्लॅनिंगला कोणी घेतलं देव जाणे.

दुपारभर खुडबुड करून त्याने ते बसवलं. आणि लागलं की हो व्यवस्थित. चालू करताच उघडतं. अंतराने बापाला मिठी मारली, "यू आर द बेस्ट, बाबा." मी स्वयंपाकघरात होते. कोणी सांगायलासुद्धा आलं नाही. मला खूप राग आला. मी हरले असं वाटलं, ते का ते कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, शनिवार

घरमालकाचा एजंट करार वाढवायला आला होता. वर्ल्ड कपच्या सुमाराला भाडी आभाळाला भिडणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. आत्ता वर्षाचा करार केला तर सुटलो. श्याम त्याला म्हणतो, महिन्या-महिन्याने बघू. एजंट गेल्यावर मी तोंड सोडलं. श्याम ऐकत राहिला. हा ऐकतो म्हणूनच मला चेव येतो. समोरून एकदा तरी ओरडला असता तर मी गप्प बसले असते, असं मला आपलं वाटतं.

एक गोष्ट चांगली. अंतरा मराठी वाचायला बसली. जन्मात जी "ओके मम्मा"च्या पुढे गेली नाही, ती जोडाक्षरं विचारत होती. "नाशिकच्या शाळेत निबंध केवढा लिहावा लागतो?" म्हणाली. मी म्हटलं, नाशिक आपलं गाव असलं तरी तुला काय करायचंय तिथल्या शाळेचं? "जस्ट आस्किंग." माझ्या बोलण्याचा परिणाम होतो, फक्त उशिरा होतो. शाळेचा नवा युनिफॉर्मही नको म्हणाली. आखूड झालाय तरी जुनाच घालीन म्हणे. बापाचा चिक्कूपणा रक्तात उतरला, दुसरं काय.

५ मार्च, शनिवार

कॉम्प्युटरवर चहा सांडला. मी तिथून जात होते, कपाला धक्का लागला. लागला म्हणजे लावला. कोणी वाचत नाही तर इथे खोटं कशाला लिहू. डब्याच्या वरच्या जाळीतून चहा आत गेला, काहीतरी चरचरलं आणि बंद पडलं. साखर घातलेला होता.

श्यामने सगळं सुटं केलं, स्पिरिटने पुसलं, हेअर ड्रायरने वाळवलं. बोर्ड गेला तो गेलाच. अंतराची चित्रं मात्र वाचली. भरलेला कप त्या जाळीवर कसा काय रिकामा झाला, हे त्याने विचारलं नाही. मी दोन-तीन कारणं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. आता वाद उरला नाही. बोर्ड बदला तो सब बदला, दुकानदारच म्हणाला होता.

११ मार्च, शुक्रवार

नवा घ्यायचा हे आता तोही मान्य करतो, पण त्याच्या तऱ्हा ऐका. आधी म्हणाला, लॅपटॉप घेऊ, कुठेही नेता येतो. मी विचारलं, कुठे न्यायचाय, सूक वाकिफच्या बाजारात फिरायला? अंतराने मान खाली घातली.

मग छोटं कॅबिनेट घेऊ म्हणाला, चपलेच्या खोक्याएवढं. त्याचं चित्र दाखवलं, मग माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली आणि टेपने बॅग मोजत बसला. कॉम्प्युटर घ्यायचाय की लग्नाचा शालू, जो बॅगेत मावायला हवा? माणूस पन्नाशीला आला की असा होतो का? आजकाल घरीही लवकर येतो. साइट हँडओव्हर झाली, काम कमी आहे म्हणतो. काम कमी तर माणसाने हसावं, फिरायला न्यावं. हा बाल्कनीत उभा राहून खालचं पार्किंग बघतो.

१८ मार्च, शुक्रवार

धुळवड. पुरणपोळ्या केल्या, चारुलताकडची मंडळी आमच्याकडे जेवायला होती. बाईंचं आज फारच लक्ष माझ्या घराकडे. पडद्यांचं कापड चिमटीत धरून पाहिलं. डायनिंग टेबल तर पर्समधून टेप काढून मोजलं. "असलंच करून घ्यायचं मनात आहे बघा," म्हणाली. जेनचा ओव्हनही उघडून पाहिला. मला मनातून गुदगुल्या झाल्या. व्हिलात राहून काय उपयोग, नजर शेवटी आमच्या फ्लॅटवरच.

कॉम्प्युटरचा विषय निघाला. चारुलता म्हणाली, "घ्यायचाच तर दणकट घ्या वहिनी. ग्राफिक्स कार्ड एकदम वरचं घ्या. आमच्या कैवल्यचं कार्ड जुनं झालंय, नवीन पाहिजे म्हणून डोकं खातोय माझं. पण हे म्हणतात, थांब जरा, एवढी घाई कशाला." शहाजीभावजींनी तिच्याकडे डोळे वटारले. बायकोने घरातल्या गोष्टी बोललेल्या पुरुषांना खपत नाहीत.

श्याम हळूच म्हणाला, "छोटा पुरेल आपल्याला."

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "ह्याला विचारू नका. लग्न ठरताना सासूबाईंनी सांगितलं, मुलगा इंजिनिअर आहे, निर्व्यसनी आहे. पाठीला कणा आहे का, ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं."

कोणी हसलं नाही. कैवल्यने मोबाईल काढला. शहाजीभावजी पुरणपोळीवर तूप ओतत राहिले, ताटात तळं झालं तरी. श्याम माझ्याकडे बघून म्हणाला, "पाडव्याला घेऊ. तुला हवा तोच." अगदी शांतपणे म्हणाला. मी जिंकले. पोळ्या उत्तम झाल्या होत्या, तरी मला एकही जाईना.

२ एप्रिल, शनिवार, गुढीपाडवा

रमजानचा आज पहिला रोजा. दुकानं सकाळी थोडा वेळ उघडणार, मग थेट रात्री. पाडव्याची खरेदी मी अंधारात करायची नाही, म्हणून गुढी उभारून, आंघोळीचे केस ओले तसेच पोचलो. दुकानदाराला मी सगळ्यात मोठं काचेचं कॅबिनेट गोदामातून आणायला लावलं. बिचारा रोज्याचा, ओठ सुकलेले. "मॅडम, ये बहुत भारी है, शिफ्टिंग में दिक्कत होगा." मी म्हटलं, "शिफ्टिंग कौन कर रहा है, भैया?" त्याने श्यामकडे पाहिलं, श्यामने बिलाकडे.

घरी आणून हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग बापलेक बसले जोडायला. श्याम एकेक वस्तू अंतराच्या हातात देत होता, पुन्हा काढून दाखवत होता. "बसवता येणं सोपं आहे, न मोडता काढता आलं पाहिजे," म्हणाला. संध्याकाळी दिवे लागले. निळे, मग जांभळे. अंतराने टाळ्या वाजवल्या आणि मग एकाएकी मला येऊन बिलगली. वर्षभरात प्रथम. "थँक यू, आई," म्हणाली. आई! मम्मा नाही.

श्याम जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता, हातात स्क्रूड्रायव्हर. मी त्याला श्रीखंडाची वाटी नेऊन दिली. "छान दिसतंय ना?" विचारलं. "छान दिसतंय," म्हणाला आणि माझा हात धरून बसला. आज मला श्याम खूप आवडला. लिहून ठेवते, रोज होत नाही.

२२ एप्रिल, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी श्याम आणि अंतरा भाजीला गेले होते. चारुलता आली, बरोबर कैवल्य. मी चहा टाकायला उठले तर म्हणाली, "चहा राहू द्या. वहिनी, आपण घरचीच माणसं, म्हणून आधी सांगून ठेवते. सेलचा मेसेज टाकाल तेव्हा टाका, पण टेबल, ओव्हन आणि हा कॉम्प्युटर आमचा. दुसऱ्या कोणाला शब्द देऊ नका."

मी विचारलं, कसला सेल?

आधी तिला खरंच धक्का बसल्यासारखं वाटलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते. जेनच्या घरी ओव्हन पुसला जात होता तेव्हा माझ्या चेहऱ्यावर तेच असणार. "अगंबाई," म्हणाली, "श्यामभावजींनी घरात सांगितलंच नाही होय? जानेवारीतच नोकरी संपल्याचं पत्र दिलंय की. ह्यांनीच टाइप केलं. एप्रिलअखेर शेवटचा दिवस." मग माझ्या पाठीवर हात ठेवून, "रडू नका. नाशिकला द्राक्षं तरी ताजी मिळतील."

मी रडत नव्हते. कैवल्य काचेतून कार्डाचं नाव वाचत होता.

२३ एप्रिल, शनिवार

काल श्याम दारात आला तेव्हा मी काही बोलले नाही. त्यावरूनच त्याला कळलं. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाला, "अंतरा, आत जा." ती म्हणाली, "आय नो ऑलरेडी, बाबा. सो डज शी, नाऊ."

म्हणजे पोरीला माहीत. शहाजीला माहीत, चारुलताला माहीत, त्यांच्या पोराला माहीत. दुकानदारालासुद्धा माहीत असणार. कायमचं जाणारी माणसं त्याने काय कमी पाहिली असतील?

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"रोज सांगायचं ठरवून यायचो," श्याम म्हणाला. "दार उघडलं की तू काहीतरी बोलत असायचीस. मग वाटायचं, उद्या."

"आणि हे?" मी त्या पेटीकडे बोट केलं. "निघायचंय हे ठाऊक असून हे घेतलंस? एवढं मोठं?"

"तुला सांगण्यापेक्षा ते घेणं सोपं होतं."

आवाज चढवला नाही, टोमणा नव्हता. मला त्या वाक्याने कानाखाली बसल्यासारखं झालं. जुना डबा तो सुटा करून बॅगेतून नाशिकला नेणार होता, अंतरासाठी. म्हणून डागडुजी, म्हणून तीन-चार महिने. "त्यात चहा गेल्यावर माझा उत्साहच गेला," म्हणाला. सांडला म्हणाला नाही.

मी म्हटलं, चारुलताला काही द्यायचं नाही. रस्त्यावर टाकीन, पण तिला देणार नाही. तर म्हणतो, "माझ्या नोकरीच्या पैशांचा सगळा हिशेब शहाजीच्या टेबलावरून सुटायचाय. आत्ता नाही म्हणता येणार नाही, शैलजा." कणा नसलेला माणूस, असं अगदी ओठांवर आलं. गिळलं. गिळायची सवय नाही, छातीत अडकलं.

६ मे, शुक्रवार

ईद झाली. परवाचं विमान.

आज चारुलताची मंडळी सामान न्यायला आली. टेबल गेलं, ओव्हन गेला. मग कॉम्प्युटरपाशी आले. मला वाटलं, पेटी उचलतील आणि जातील, मी तेवढ्यात स्वयंपाकघरात जाऊन उभी राहीन. पण शहाजी म्हणाले, "डबा नको, डबा आहे आमच्याकडे. कैवल्यचाच अपग्रेड करायचा. आतलं काय ते काढून दे, श्याम."

माझ्या पाडव्याच्या कॉम्प्युटरमधून त्यांच्या जुन्याची डागडुजी.

श्याम चटईवर बसला. काच बाजूला काढली. अंतरा त्याला एकेक स्क्रू काढून देत होती, ज्या क्रमाने लावले होते त्याच्या उलट. कार्ड निघालं, रॅम निघाली, प्रोसेसर निघाला. कैवल्यने ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलं. श्याम त्याला नीट समजावत होता, हे असं धर, सोनेरी बाजूला बोट लावू नकोस. मध्येच कैवल्य काहीतरी बोलला आणि श्याम मोठ्याने हसला. ह्या घरात हे हसणं मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं. चारुलता म्हणाली, "भावजी किती मोकळे झालेत आता!" मी तिला चहा दिला. बिनसाखरेचा पिते, तसाच दिला. तोंडातून एक अक्षर काढलं नाही. हिशेब अजून सुटायचाय.

ते गेल्यावर बॅगा भरायला बसलो. काचेचं कॅबिनेट भिंतीशी रिकामं पडलंय, वॉचमनही नको म्हणाला.

मी अंतराला म्हटलं, "ह्याला हिंमत झाली नाही, एक वेळ समजू शकते. तू तरी सांगायचंस. मी आई आहे तुझी."

ती मोजे गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "सांगितलं असतं तर तू पहिल्यांदा बाबांना काहीतरी बोलली असतीस. रडायच्या आधी. मला ते ऐकायचं नव्हतं, आई."

मी संतापून तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी, जानेवारीत मला कळलं असतं तर श्यामला मी काय म्हणाले असते, ते वाक्य आयतं तयार होऊन डोक्यात आलं. शब्दन्‌शब्द. इतकं नेमकं, इतकं झोंबरं की मला हसू फुटलं. आवरायला गेले तर जास्तच आलं. एकटीच हसत बसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

श्यामने वर पाहिलं. गुडघा दाबून बॅगेची चेन लावली आणि अंतराला घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.